मृण्वती टेबलावर येतेय

प्रिय मित्रा,

तुझ्या कादंबरीतल्या मृण्वतीला माझ्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या गेममध्ये घ्यायला हो म्हणालास म्हणून आधी थँक्यू, आणि खाली जी अट टाकलीस ना, की तिला व्हिलनही करायचं नाही आणि देवीही करायचं नाही, त्याबद्दल तुला शिव्या. नेमकं तेच अवघड आहे रे. हल्ली रोज रात्री एका बाजूला नियमांची पुस्तकं आणि दुसऱ्या बाजूला तुझा ड्राफ्ट घेऊन बसते. म्हटलं लिहूनच टाकावं सगळं, फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

मला ती किती कळलीय ते आधी सांगते, चुकत असेन तर तिथेच थांबव. साथीने धरलेलं शहर, तराजूचा देव, आणि त्याची ही पुजारीण. ती रोग बरा करत नाही, हलवते. एकाच्या अंगातून काढते आणि दुसऱ्याच्या अंगात घालते, आणि तो दुसरा माणूस स्वतःच्या तोंडाने हो म्हणालेला असावा लागतो. हो म्हणवून घेण्यात बाई भारी हुशार. म्हाताऱ्यांना म्हणते नातवासाठी, कैद्यांना म्हणते तुमच्या घरी वर्षभर धान्य पोचेल, आणि यातलं काही म्हणजे काही खोटं नसतं, धान्य खरंच पोचतं. सुरुवातीची माणसं तिने स्वतःच्या अंगावर घेतली, त्यात एक हात कायमचा गेला. आणि ती वही, ज्यात प्रत्येकाचं नाव आहे, कोणाचं काढलं आणि कोणात घातलं. जोक मारते, लोकांची पोरंबाळं नावानिशी लक्षात ठेवते, मला तर ती आवडते. ती आवडते म्हणूनच त्रास होतो.

पण तुझं सोपंय. तुझा वाचक तिला मधे टोकू शकत नाही. माझ्या टेबलावर चार वाचक बसणार, चौघांच्या हातात डाइस आणि त्यातला एक पॅलाडिन, म्हणजे शपथ घेतलेला धर्मयोद्धा.

त्या पॅलाडिनने माझी झोप घालवली होती. आम्ही २०१४ चीच पाचवी आवृत्ती खेळतो, आणि त्यात पॅलाडिनला नुसता हात ठेवून माणूस बरा करता येतो. लेव्हल गुणिले पाच एवढे पॉइंट मिळतात आणि त्यातले पाच खर्च केले की एक रोग गायब, डाइस नाही, सेव्ह (बचावाची फेक) नाही, काही नाही. (२०२४ च्या नव्या पुस्तकात हे काढलंय, आता फक्त विषबाधा जाते, पण आमची मंडळी कॅम्पेनच्या, म्हणजे चालू असलेल्या लांबलचक गोष्टीच्या, मधे नियम बदलू देणार नाहीत.) म्हणजे बघ, तू पानंच्या पानं खर्चून उभी केलेली शोकांतिका, आणि आमचा हिरो येणार, हात ठेवणार आणि म्हणणार, झालं बाई, उगाच एवढी माणसं मारलीत. नशीब क्लेरिक, म्हणजे देवाच्या जोरावर मंत्र टाकणारा पुजारी, कोणीच घेतलेला नाही, कोणालाच इतरांच्या मलमपट्ट्या करत बसायचं नव्हतं, नाहीतर लेसर रेस्टोरेशन हे रोग घालवणारं स्पेल (मंत्र) अवघ्या दोन नंबरच्या लेव्हलचं आहे, त्यानेही हेच झालं असतं.

पहिला विचार आला तो कुठल्याही डीएमला (डंजन मास्टर, गेम चालवणारा) येतो तोच, की या साथीवर तुझी पॉवर चालत नाही म्हणून सांगायचं. शापित आहे, दैवी आहे, काहीतरी थाप मारायची. पण मला ते चीटिंग वाटतं. खेळणाऱ्याने लेव्हल चढून कमावलेली गोष्ट नेमकी जेव्हा कामाची आहे तेव्हाच हिसकावून घ्यायची, मग त्याने यायचंच कशाला.

मग मी हिशोब केला. आमचा पॅलाडिन पाचव्या लेव्हलला आहे. पाच गुणिले पाच, पंचवीस पॉइंट, म्हणजे दिवसाला पाच माणसं. रात्रभर झोपला की परत पंचवीस. आणि तुझ्या शहरात रोज सकाळी देवळाबाहेर जी रांग लागते ती पाचाची नाहीये. तेव्हा चालू दे त्याची पॉवर, पूर्ण चालू दे! मी फक्त रोज सकाळी रांगेत कोण कोण आहे ते वाचून दाखवणार आणि विचारणार, आज कोणते पाच? तरुण आधी की ज्यांच्यावर घर चालतं ते आधी? दाई घेणार की तिच्या हाताखालची दोन बाळंतपणं घेणार? आणि वर हेही, की पंचवीसच्या पंचवीस इथे घातले तर संध्याकाळच्या मारामारीत स्वतःच्या पार्टीसाठी शून्य उरतात, त्यावर बाकीचे तिघं काय बोलतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. मृण्वती त्याच्या शेजारी बसलेली असणार. ती त्याला टोमणे मारणार नाही, उलट तिला खरंच हायसं वाटलंय की इतक्या वर्षांनी कोणीतरी सोबतीला आलं. ती वही पुढे सरकवणार आणि म्हणणार, नावं लिहीत चला, नाहीतर कोणाला घेतलं कोणाला नाही ते विसरायला होतं.

वही मी खरीच आणतेय, तुझ्या ड्राफ्टमधली नावं माझ्या अक्षरात लिहून, आणि पुढची पानं कोरी. पेन पॅलाडिन खेळणाऱ्या पोराच्या हातात. मला वाटतं तुझी मृण्वती गेममध्ये आणायची म्हणजे नेमकं एवढंच करायचं, की तिच्याबद्दल मत बनवायच्या आधी त्यांना तिच्या जागी बसवायचं. लांबून बघून कोणीही न्यायाधीश होतो.

आता अलाइनमेंट, म्हणजे पात्र कोणत्या वृत्तीचं, चांगलं की वाईट, त्याचा खाना. तू विचारलं होतंस ना की तिला कोणत्या खान्यात टाकणार. या गेमला ती सवय जुनीच आहे. १९७४ मध्ये तीन खाने होते, लॉ, न्यूट्रल आणि केऑस, मग नऊ झाले, २००८ मध्ये चौथ्या आवृत्तीने पाचावर आणले, पाचवीत परत नऊ. मी तिची जागा रिकामी सोडलीय. आणि गंमत म्हणजे पाचव्या आवृत्तीत त्याने फारसं अडतही नाही, कारण डिटेक्ट ईव्हिल अँड गुड नावाचं जे स्पेल आहे ते नावाप्रमाणे वागतच नाही. तीस फुटांत भूत-पिशाच्च, राक्षस, देवदूत असलं काही आहे का ते सांगतं. माणसाच्या मनात काय चाललंय त्याचा त्याला पत्ता नाही. पॅलाडिनची स्वतःची वास घ्यायची पॉवर आहे तीही तशीच. म्हणजे हा गडी देवळात शिरल्या शिरल्या ऐटीत तपासणार आणि मी सांगणार, काही नाही, साधी बाई आहे. त्याचा चेहरा कसा होतो ते तुला लिहून कळवेन.

खरी मारामारी माझी झाली ती देवाशी. तुझ्या कादंबरीत देव आहे की नाही तेच शेवटपर्यंत धूसर आहे, आणि ते तिथे छान वाटतं. माझ्याकडे ते धूसर ठेवताच येत नाही. क्लेरिकने स्पेल टाकलं आणि ते चाललं की देव आहे, विषय संपला. मग खाली एकच प्रश्न उरतो, की देवाला हे चालतंय का. खरं सांगू, मला हा तुझ्या प्रश्नापेक्षा जास्त बोचला.

ग्रुपमधल्या एका जुन्या डीएमला (तो या कॅम्पेनमध्ये नाही) विचारलं तर तो म्हणाला सोपंय, शेवटी कळू दे की तो देव नव्हताच, मागे राक्षस होता. नाही म्हणजे नाही! तसं केलं की बाई सुटली, बिचारीला फसवलं होतं एवढंच उरतं, राक्षस मारायचा, खजिना घ्यायचा आणि घरी जायचं. तुझी अर्धी मृण्वती तिथेच मेली.

त्यापेक्षा मला एक जुनी गोष्ट सापडली. या गेमच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये असं लिहिलंय की क्लेरिकची पहिल्या-दुसऱ्या लेव्हलची स्पेल्स त्याच्या स्वतःच्या श्रद्धेतून आणि शिक्षणातून येतात, तिसरी ते पाचवी देवाचे दूत पुरवतात, आणि सहावी-सातवी तेवढी थेट देवाकडून. आमच्या आवृत्तीत हा नियम नाही, पण मी उचलला. तिला मी पाचव्या लेव्हलपर्यंतचीच स्पेल्स देणार. म्हणजे आयुष्यभर पूजा करून या बाईची गाठ कधी प्रत्यक्ष देवाशी पडलेलीच नाही, पलीकडे कायम कोणीतरी मधला माणूस. दूत खोटं बोलत नाहीत, भडकवत नाहीत, मागितलं ते देतात. वरपर्यंत कोणी काही पोचवलंय का, कोणास ठाऊक.

आणि पाचव्याच लेव्हलला कम्यून नावाचं स्पेल येतं, म्हणजे आपल्या भाषेत कौल लावणं. तीन प्रश्न, उत्तर हो किंवा नाही, आणि देवालाच माहीत नसेल तर अस्पष्ट. नियमातच लिहिलंय की पलीकडे देव असेल किंवा देवाचा प्रतिनिधी, मला तर हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तर वहीच्या मागच्या बाजूला मी तिने इतक्या वर्षांत लावलेले सगळे कौल लिहून ठेवतेय. या महिन्यात साथ उतरेल का. नदीपलीकडच्या वस्तीत शिरलीय का. हा कैदी मनापासून हो म्हणतोय का. पानंच्या पानं असले व्यवहारी प्रश्न. मी जे करतेय ते तुला मान्य आहे का, हा प्रश्न त्यात कुठेच नाही. टेबलावर कोणाच्या हे लक्षात येतं का तेवढंच मला बघायचंय, मी स्वतःहून बोट दाखवणार नाही.

बाकी आकड्यांचं थोडक्यात. मॉन्स्टर मॅन्युअल या तयार पात्रांच्या पुस्तकातला साधा प्रीस्ट घेतलाय, २७ हिट पॉइंट (तेवढा जीव, शून्यावर आला की आडवा), आणि वरची स्पेल्स तेवढी वाढवली. मारायला गेले तर दोन राउंडमध्ये मरेल, सँक्च्युअरी हे बचावाचं स्पेल टाकून थोडी तगेल, उलटा वार करणार नाही. मारू देत, बाहेरची रांग तशीच उभी राहील. तिची ती रोग हलवायची प्रार्थना मी लाइफ ट्रान्सफरन्स नावाच्या स्पेलवरून बेतलीय. त्यात टाकणाऱ्याला ४d८ चा, म्हणजे आठ बाजूंच्या चार डाइसच्या बेरजेचा, फटका बसतो आणि समोरच्याला दुप्पट भरून येतं. सरासरी काढ, अठरा. २७ मधून एकदा अठरा गेले तर नऊ उरतात, दुसऱ्यांदा करायला गेली तर बहुधा तिथेच कोसळली. जास्तीत जास्त तर ३२ लागतात, म्हणजे नशीब फुटकं असेल तर पहिल्याच वेळी आडवी. तुला दुसऱ्या प्रकरणात समजावावं लागलं होतं ना, की सगळं स्वतःवरच का नाही घेत ही? मी तिला पहिल्याच सीनमध्ये सगळ्यांसमोर एकदा स्वतःवर घ्यायला लावणार आणि डाइस उघड्यावर टाकणार. माझ्या होमब्रूमध्ये, म्हणजे मी घरी बनवलेल्या नियमात, तोच फटका तिसऱ्या, राजी असलेल्या माणसावर जातो, एवढाच काय तो फरक.

एक गोष्ट मात्र बदललीय आणि ती तुला आवडणार नाही. कॅम्पेनच्या आधी आम्ही बसून ठरवतो की कोणाला काय टेबलावर नकोय, आणि एकीने सांगितलंय की लहान मुलाचा मृत्यू नको, नुसता उल्लेखही नको. कारण मी विचारलं नाही, विचारायचं नसतंच. तेव्हा तुझ्या सातव्या प्रकरणातली ती मुलगी गेली. तिच्या जागी मृण्वतीची शिष्या आलीय, विशीतली, हुशार, थोडी आगाऊ, आणि ती स्वतः हो म्हणायला आलीय. मला वाटलं होतं याने धार कमी होईल, पण ती तशी झाली नाही, कारण मूल हो म्हणालं तर आपण म्हणतो त्याला काय कळतंय, आणि हिला सगळं कळतंय. तिच्या बाईने आजवर कोणाकोणाला कसं कसं पटवलं ते तिने जवळून बघितलंय, आणि तरी ती आलीय. आता तिचं हो खरं धरायचं का? पटलं तर बघ, तुझ्या पुढच्या ड्राफ्टमध्येही घालता येईल.

आणि शेवट माझ्या हातात नाहीये हे तुला आधीच सांगते. तुझ्याकडे ती वही नदीत फेकते आणि चालू पडते. इथे काय होईल ते ती चार टाळकी ठरवणार. कदाचित तिला पळवून नेतील, कदाचित तिच्याबरोबर कामाला लागतील, कदाचित कंटाळून ड्रॅगन शोधायला जातील, आमच्याकडे हेही झालेलं आहे.

पण एक गोष्ट मला तुझ्याकडूनच हवीय. समजा कोणीतरी वहीची मागची पानं नीट वाचली आणि तिला म्हणालं, आता आमच्यासमोर कौल लाव आणि तो प्रश्न विचार. ती विचारेल, नाही म्हणायला तिच्याकडे कारणच उरणार नाही. मग उत्तर मला द्यावं लागेल, एका शब्दात. हो आलं तर पॅलाडिन बहुतेक स्वतःच्या देवाकडेही संशयाने बघायला लागेल. नाही आलं तर मृण्वती त्या वहीचं काय करेल ते मला अजून दिसत नाहीये. अस्पष्ट हे सगळ्यात सोपं, म्हणून त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतोय, डीएमने पळ काढल्यासारखं वाटतं ते. देव तू बनवलायस, तेव्हा तो काय म्हणेल ते तू सांग. शनिवारी सेशन आहे, त्याच्या आत. आणि तूच ठरव असं लिहून पाठवू नकोस, मला तुझी सवय माहितीये.

तुझीच,
डीएमबाई

ता. क. तिचा हात डावा गेलाय की उजवा? तिसऱ्या प्रकरणात डावा आहे आणि नवव्यात ती त्याच हाताने दिवा उचलते. मला तिची नक्कल करायचीय रे, कुठला हात मांडीवर ठेवून बसू ते कळव.