आबांचा आवाज आला, आता चित्र

पुणे, १२ ऑगस्ट

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. "आबांचा आवाज येतोय रे, पण टीव्ही नुसता काळा," म्हणताना तुझा गळा दाटून आला होता. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, आणि काल मुंजीच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटमधून ते तुझ्या मुंजीतली मंगलाष्टकं पुन्हा तुमच्या माजघरात म्हणत होते. वहिनींनी हातातलं काम टाकून ऐकलं म्हणालास. आता चेहराही दिसलाच पाहिजे.

कुठे अडलंय ते मला तुझ्या सांगण्यावरून कळलं. व्हीसीआरच्या लाल-पांढऱ्या वायरींनी आवाज रिसीव्हरला, म्हणजे सगळ्या यंत्रांचा आवाज घेऊन स्पीकरना देणाऱ्या त्या डब्याला, पोचवला, तसं पिवळीने चित्रही पोचवलं. पण रिसीव्हरपासून टीव्हीपर्यंत तू फक्त एचडीएमआय केबल लावली आहेस. पिवळ्या वायरीतलं चित्र ॲनालॉग, एचडीएमआयमधून जातं ते डिजिटल. एकाचं दुसरं करायला आत वेगळं सर्किट लागतं, आणि जुन्या रिसीव्हरमध्ये बहुतेक ते नसतं. म्हणून पिवळ्या वायरीने आत आलेलं चित्र पिवळ्याच वायरीने बाहेर काढायचं. रिसीव्हरच्या मागे 'मॉनिटर आउट' लिहिलेली पिवळी पिन शोध, तिथून एक वायर टीव्हीच्या एव्ही पिनला दे आणि रिमोटवर सोर्स 'एव्ही' कर. एचडीएमआय काढू नकोस, सेट टॉप बॉक्ससाठी ती लागेल.

तुझ्या टीव्हीला पिवळी पिन वेगळी नसेल, तर हिरव्या पिनेवर 'व्हिडिओ' असंही लिहिलेलं असतं का बघ. असेल तर पिवळी तिथेच लागते. चित्र कृष्णधवल आलं तर घाबरू नकोस, कॅसेटचा रंग उडालेला नाही. टीव्ही 'कंपोनंट'वर राहिलाय एवढंच. त्या पद्धतीत हिरवी वायर फक्त उजेड-अंधार नेते, रंग निळ्या-लाल वायरींतून येतो. सोर्स बदललास की आबांचं जरीकाठी उपरणं पुन्हा रंगात दिसेल.

आणखी एक शक्यता आहे. नवा टीव्ही चित्रावर काम करायला थोडा वेळ घेतो, आवाज मात्र रिसीव्हरमधून लगेच बाहेर पडतो. मग ओठ हलायच्या आधी शब्द ऐकू येतात. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये 'लिप सिंक' किंवा 'ऑडिओ डिले' आहे का बघ, थोडा थोडा वाढवत ने. यात आळस करू नकोस. आबांचा शब्द त्यांच्या ओठांवरच ऐकायला हवा.

टीव्हीवर चित्राचा आकार ४:३, म्हणजे जुन्या टीव्हीसारखा, ठेव. पूर्ण पडदा भरायच्या नादात चेहरे रुंद होतात. चित्र पुसट दिसेल, या व्हीएचएस कॅसेटींमध्ये मुळात तेवढाच तपशील असतो. कितीही महागाची वायर आणलीस तरी तो वाढणार नाही, तेव्हा दुकानदाराचं ऐकू नकोस.

चिपळूणच्या पावसाची मला खरी काळजी वाटते. ट्रंकेतल्या बाकीच्या कॅसेटी लावण्याआधी त्यांच्या काचेतून आत बघ. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असते. तशी कॅसेट अजिबात लावू नकोस, व्हीसीआरमधलं फीत वाचणारं हेड खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागेल. ती बाजूला ठेव, साफ करून देणारे आहेत इथे, मी घेऊन जाईन.

टीव्हीचा स्वतःचा आवाज रिसीव्हरवर हवा असेल तर दोघांच्याही एचडीएमआयवर 'एआरसी' लिहिलेलं लागतं, म्हणजे त्याच केबलमधून टीव्हीचा आवाज उलटा रिसीव्हरकडे आणायची सोय. ते २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आलं. तुझा रिसीव्हर त्याआधीचा असेल तर ऑप्टिकल केबल लाव. पण ते नंतर कधीतरी, घाई नाही.

रविवारी सकाळी फोन करतो. पिवळी वायर लावून ठेव, पण कॅसेट सुरू करू नकोस. काकूंना समोर बसव, मला स्पीकरवर घे, आणि मग लाव.

तुझा,
सुहास