आवडलेल्या चित्राचं करायचं काय?

उट्रेख्त, नेदरलँड्स
रविवार

प्रिय छोटी,

तुझा निरोप ऐकला. मोबाईलमध्ये जमवलेली चित्रं बघायला घेतलीस की हुरूप येण्याऐवजी हातपाय गळतात, सगळं कुणीतरी आधीच करून ठेवलंय असं वाटतं, आणि कागद कोरा तो कोराच राहतो. आईची तक्रार वेगळी. ती म्हणते, ही काढत काहीच नाही, नुसती बघत बसते. दोघींचंही खरं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत उरकण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

चित्र आवडायला क्षणभर पुरतो. त्यातून काही घ्यायचं असेल तर काढणाऱ्यानं कुठे काय ठरवलं ते हुडकावं लागतं. इथे सावली का नाही, हा हात अर्धाच का दाखवला, रंग तीनच का. हे नुसतं बघून फारसं कळत नाही. पेन्सिल घेऊन त्याच्या रेघेमागून गेलं की हळूहळू कळायला लागतं.

व्हॅन गॉग म्हटलं की लोकांना सूर्यफुलं आठवतात. हा माणूस साप्ताहिकांतल्या चित्रांसाठी किती वेडा होता, ते मला इथे आल्यावर कळलं. १८८२-८३ मध्ये तो हेगला राहायचा. कमाई जवळपास नाहीच, धाकटा भाऊ थिओ पाठवेल त्यावर सगळं भागवायचं. अशा ओढगस्तीत त्यानं लंडनच्या 'द ग्राफिक' या साप्ताहिकाचे १८७० ते १८८० या वर्षांचे जुने खंड विकत घेतले. अशी छापील चित्रं तो जाड कागदावर चिकटवून, विषयवार लावून ठेवायचा. त्याच्या त्या संग्रहातली हजाराहून जास्त चित्रं आज अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमकडे आहेत. म्हणजे तुझ्यासारखा ढीग त्याच्याकडेही होता, फक्त त्याच्या ढिगाला कप्पे होते.

ती चित्रं लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेली असत. चित्रकार एक, कोरणारा दुसरा. चित्र मोठं आणि अंकाची घाई असेल तर ठोकळ्याचे भाग सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटून द्यायचे आणि कोरून झाले की पुन्हा जोडायचे. निरखून पाहिलं तर काही चित्रांत सांध्याची बारीक पांढरी रेघ सापडते. मला ती फार आवडते. घाईत काम करणाऱ्या माणसांची तेवढीच खूण.

'द ग्राफिक'चा पहिला अंक निघाला ४ डिसेंबर १८६९ ला. त्यात ल्यूक फिल्ड्सचं एक चित्र होतं: रात्रीच्या निवाऱ्याची चिठ्ठी मिळावी म्हणून थंडीत पोलीस ठाण्याबाहेर रांग लावून उभी असलेली माणसं. व्हॅन गॉगला फिल्ड्स, हर्कोमर, फ्रँक हॉल ही मंडळी थोर वाटायची. आता बघ, त्यानं यांच्याकडून घेतलं काय? तो त्यांच्यासारखं काढायला लागला नाही. डोकं धरून बसलेला, थकलेला म्हातारा हा चित्राचा पूर्ण विषय होऊ शकतो, एवढं त्यानं घेतलं, आणि हेगच्या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना बसवून तो चित्रं काढत सुटला. कादंबरीकार डिकन्स वारल्यावर, १८७० मध्ये, फिल्ड्सनं त्याच्या अभ्यासिकेतली रिकामी खुर्ची काढली होती. व्हॅन गॉगनं १८८८ मध्ये रंगवलेल्या दोन रिकाम्या खुर्च्यांचा धागा जाणकार तिच्याशी जोडतात. मला ते पटतं.

पुढे पॅरिसला गेल्यावर जपानी छापील चित्रांनी त्याला पछाडलं. १८८६ मध्ये एका फ्रेंच मासिकानं जपानवर अंक काढला, मुखपृष्ठावर एइसेन या जपानी चित्रकाराची एक गणिका होती. व्हॅन गॉगनं त्या मुखपृष्ठावर ट्रेसिंग पेपर ठेवून तिची बाह्यरेषा उतरवली, चौकोन आखले आणि त्यावरून ती मोठ्या कॅनव्हासवर नेली. ते ट्रेसिंग अजून जपून ठेवलेलं आहे. व्हॅन गॉगला ट्रेसिंग करायची लाज वाटली नाही, मग तुला का वाटावी?

हिरोशिगेचं पुलावरच्या अचानक आलेल्या पावसाचं चित्र (१८५७) तुझ्या ढिगात नक्की असेल. मूळ छाप मोठ्या पडद्यावर उघडून फक्त पाऊस बघ. केसासारख्या सरळ काळ्या रेघा, आणि त्या सगळ्या एकाच कलानं जात नाहीत, किंचित वेगळ्या कोनाच्या दोन झडी एकमेकींना छेदतात. दोन कोनांसाठी दोन वेगळे ठोकळे कोरलेत. एवढ्यावर तो पाऊस अंगावर येतो. व्हॅन गॉगनं १८८७ मध्ये हेच चित्र तैलरंगात केलं तेव्हा पूल, माणसं, छत्र्या तिथल्या तिथे ठेवल्या, पण हिरोशिगेची शांत, सपाट नदी त्याच्या कुंचल्याखाली हलायला लागली. शिवाय चारी बाजूंनी त्यानं किनार काढली आणि ती दुसऱ्या छापांतली जपानी अक्षरं उचलून भरली. वाचता येत नव्हती, तरी!

आयुष्याच्या शेवटी, सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना, तो मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांच्या काळ्यापांढऱ्या छपाया समोर ठेवून रंगवत बसायचा. गुस्ताव्ह दोरेनं काढलेलं लंडनच्या तुरुंगातलं वर्तुळात फिरणाऱ्या कैद्यांचं चित्रसुद्धा त्यानं १८९० मध्ये असंच रंगवलं. याबद्दल थिओला त्यानं जे लिहिलं त्याचा आशय असा: चित्रकारानं सगळं स्वतःच रचलं पाहिजे असा लोकांचा हट्ट असतो, पण बेटोव्हेन वाजवणाऱ्याला कुणी तसं म्हणत नाही, तो आपल्या परीनं वाजवतो आणि तेही संगीतच असतं. बंदिश जुनी, गाणारा नवा. हे तुला वेगळं समजावायला नको.

आता माझ्या गावच्या माणसाबद्दल. मिफी हा ससा (इथे त्याचं नाव नायन्त्ये) काढणारा डिक ब्रुना उट्रेख्तचा. त्याची काम करायची खोली इथल्या सेंट्राल म्युझियममध्ये जशीच्या तशी मांडून ठेवली आहे. मिफीची चित्रं मी लहान मुलांची म्हणून सोडून देत असे, पण तिथे रेघ जवळून बघितली आणि तासभर हलले नाही. ती रेघ पेनाची नाही. ब्रुना पातळ कागदावरचं स्केच जाड कागदावर ठेवून पेन्सिलीनं दाबून गिरवायचा. खाली खाच उमटायची. त्या खाचेतून पोस्टर कलरमध्ये बुडवलेला कुंचला सावकाश, थोडा थोडा पुढे न्यायचा. म्हणून ती रेघ लांबून अगदी गुळगुळीत वाटते आणि जवळ गेलं की बारीकशी थरथरते. मग ती रेघ पारदर्शक फिल्मवर घेऊन तिच्याखाली रंगीत कागद सरकवून रंग ठरवायचे. रंगही ठरलेले: लाल, पिवळा, निळा, हिरवा, पुढे तपकिरी आणि राखाडी.

हा माणूस वडिलांच्या प्रकाशन संस्थेत मुखपृष्ठं करायचा, दोन हजारांच्या आसपास केली असतील. तरुणपणी मातीस या फ्रेंच चित्रकाराची कागद कापून केलेली चित्रं पाहून तो हरखून गेला होता. पण मिफीत मातीसचा एकही आकार शोधून सापडत नाही. काढून टाकायची हिंमत तेवढी त्यानं मातीसकडून उचलली. मिफी रडते तेव्हा चेहरा तोच, दोन ठिपके आणि एक फुली, फक्त गालावर एक अश्रू. तोंड वाकडं नाही की भुवया नाहीत. तुझ्या रडणाऱ्या मुलीच्या चित्रात किती रेघा आहेत, मोज बघू.

'कॉपी मारली म्हणतील' ही तुझी भीती. सरावासाठी केलेली नक्कल तुझ्या वहीत राहते, त्यात कुणाचं काही जात नाही. बाहेर दाखवायची झाली तर खाली 'अमुकवरून' असं लिही. पण आज हयात असलेल्या, त्यावर पोट असलेल्या चित्रकाराचा थाट उचलायचा आणि खाली आपली सही ठोकायची, हे मला अजिबात पटत नाही. मिल्टन ग्लेझर या अमेरिकी डिझायनरनं १९६६ मध्ये गायक बॉब डिलनचं पोस्टर केलं. त्यातला काळा, कडेनं दिसणारा चेहरा मार्सेल द्युशाँ या कलावंताच्या एका स्वचित्रावरून सुचल्याचं तो उघड सांगायचा. ते रंगीबेरंगी उसळणारे केस त्यानं स्वतः घातले आणि आज ओळख त्या केसांचीच आहे.

आणखी एक नाव शोध: गेर्ड आर्न्ट्झ. लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून त्यानं सुमारे चार हजार चिन्हं केली, ओटो नॉयराथच्या आयसोटाइपसाठी, म्हणजे आकडे चित्रांतून दाखवायच्या पद्धतीसाठी. त्यांचा नियम असा की संख्या जास्त दाखवायची तर माणूस मोठा काढायचा नाही, तेवढाच माणूस जास्त वेळा काढायचा. तुला तक्ते आवडत नाहीत हे माहीत आहे, तरी बघ.

आता करायचं इतकंच. त्या ढिगातलं एक चित्र निवड, बाकीचा ढीग तात्पुरता बंद. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेव आणि गिरव. मग मूळ चित्र बाजूला ठेवून आठवणीनं काढ. जिथे अडशील तिथेच त्या चित्रकारानं काहीतरी ठरवलेलं असतं. तेवढं एक घे आणि तुझ्या स्वतःच्या विषयात वापरून बघ. मला ट्रेसिंगचा फोटो पाठव, रंगवून सजवलेलं काही नको.

ती. आई-बाबांना नमस्कार. मोबाईल बघत बसलीस तर आईनं खुशाल रागवावं, पण गिरवायला बसलीस की हाका मारू नयेत, असं तिला माझ्या वतीनं सांग.

तुझी,
ताई

ता. क. होकुसाईच्या लाटेपासून सुरुवात करू नकोस. त्या फेसाच्या नखांत तू हरवशील आणि चिडून सोडून देशील. त्याच मालिकेतला तांबडा फुजी घे, त्यात डोंगर, ढग आणि झाडी, इतकंच आहे. मालिकेचं नाव 'फुजीची ३६ दृश्यं' असलं तरी चित्रं ४६ आहेत. पहिली खपली म्हणून आणखी दहा काढली. तेव्हा शोधताना गोंधळू नकोस.