काकांच्या लायपेजबद्दल

प्रिय सुन्या,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसलोय. काकांचं लायपेज (स्वादुपिंडातलं पाचक एन्झाइम, रक्तात मोजतात ते) १२८० आलंय, लॅबची वरची मर्यादा ६० आहे, आणि तू तो वीसपट आकडा डोक्यात घेऊन बसलायस. आधी हे ऐक, त्या आकड्यावरून दुखणं किती गंभीर आहे ते कळतच नाही. तीनपट असो की वीसपट, अर्थ एकच, स्वादुपिंडाच्या पेशी दुखावल्यात आणि जे पाचकरस आतड्यात जायचे ते रक्तात झिरपतायत. निदान करताना डॉक्टर तीन गोष्टी बघतात, पोटाच्या वरच्या भागात ते ठरावीक जोराचं दुखणं, लायपेज किंवा अमायलेज (तसंच दुसरं पाचक एन्झाइम) मर्यादेच्या तीनपटीच्या वर, आणि सोनोग्राफी-सीटीत दिसणारी सूज. तीनातल्या दोन जुळल्या की पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा दाह. काकांच्या दोन जुळल्या, त्या आकड्याचं काम तिथेच संपलं रे.

हे मी इतकं ठामपणे सांगतोय कारण आमच्या ताईच्या वेळी उलटं झालं होतं. चार दिवस आम्ही ॲसिडिटी समजून गोळ्या देत राहिलो, ती पोटाशी उशी घट्ट धरून पुढे वाकून बसायची, आडवं झालं की कळ थेट पाठीत. पाचव्या दिवशी दाखवलं तर फक्त अमायलेज केलं, ते नॉर्मल आलं आणि घरी जा म्हणाले. मला अजून त्याचा राग येतो. अमायलेज काही तासांत चढतं आणि तीन ते पाच दिवसांत उतरतंही, लायपेज मात्र आठ ते चौदा दिवस वर राहतं. दुसऱ्या डॉक्टरांनी लायपेज करायला लावलं तेव्हा कुठे सापडलं. शिवाय अमायलेज लाळग्रंथींतूनही येतं, गालगुंड झालं तरी वाढतं, आणि किडनी नीट चालत नसेल तर दोन्ही वाढलेली दिसतात.

त्यामुळे रोज लायपेज करा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नकोस, उतरलं म्हणजे बरं वाटतंय असं काही नसतं, काकांना उगाच सुया. त्यापेक्षा विचार की लघवी किती होतेय, युरिया-क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) कसं आहे, श्वास, नाडी, सलाईन पुरतंय का. आणि कारण काय ते मुद्दाम विचार, पित्ताशयात खडे आहेत का, एएलटी (यकृताच्या रक्ततपासणीतला आकडा) १५० च्या वर गेलंय का (तसं असेल तर खड्यांचा संशय वाढतो), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) केलंय का, ते १००० च्या वर गेलं तर त्यानेच हा त्रास होऊ शकतो, आणि गंमत बघ, तेव्हा अमायलेज खोटं नॉर्मल दाखवू शकतं.

काकूंना हे वाचून दाखव, त्या जास्त घाबरल्या असतील. संध्याकाळी राउंड झाला की डॉक्टर काय म्हणाले ते कळव, कितीही वाजू देत, मी जागाच आहे.

तुझा,
बाळ्या