पास १० वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातल्या मुलांकडे निघालेल्या आईवडिलांवर आपण अधूनमधून छापता. त्यात ‘अमेरिकेचा १० वर्षांचा व्हिसा’ असे शब्द हमखास असतात. आमच्या तालुक्याच्या गावी झेरॉक्स, पॅनकार्ड आणि रेल्वे तिकिटांच्या जोडीला हल्ली व्हिसाचे फॉर्म भरून देणारेही हेच शब्द वापरतात. या शब्दांनी आमच्याकडच्या साध्या माणसांचा घोळ होतो, म्हणून हे पत्र.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, थोडी संत्र्याची बाग आहे. मुलगी अमेरिकेत. व्हिसासाठी आम्ही नवरा-बायको अमरावतीहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो. एक दिवस बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत. मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली. पासपोर्ट हाती आला तेव्हा त्यावरची १० वर्षांपुढची तारीख मी दारातच चष्मा लावून वाचली आणि खूश झालो. ‘एन्ट्रीज’ या रकान्यात ‘एम’ असे एकच अक्षर होते. त्याचा अर्थ मल्टिपल, म्हणजे मुदतीत कितीही वेळा जा-ये करा. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ बघितल्याशिवाय व्यवहार न करणारा मी, हा रकाना मात्र सोडून पुढे गेलो.

मे महिन्यात तिकडे पोहोचलो. संक्रांत करूनच परत जायचे, असे मायलेकींचे ठरले. व्हिसा तर कितीतरी वर्षे शिल्लक होता! दसऱ्याच्या सुमारास जावयांनी सहज सरकारी संकेतस्थळावर आमचा पासपोर्ट क्रमांक टाकला. तिथे मुक्कामाची शेवटची तारीख नोव्हेंबरच्या मध्याची होती. त्या रात्री आम्हा दोघांना झोप नाही.

गोष्ट अशी आहे की व्हिसावरची तारीख फक्त दारापर्यंत जाण्याची असते. आत किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी त्या दिवशी ठरवतो. पाहुण्यांना तो बहुधा सहा महिने देतो, कधी कमीही देतो. त्या नोंदीला आय-९४ म्हणतात. पूर्वी तिचे पांढरे कार्ड पासपोर्टात मिळायचे. विमानाने येणाऱ्यांसाठी ते २०१३ पासून बंद झाले, नोंद संगणकात गेली. कागद गेला आणि डोळ्यांसमोर उरली ती व्हिसावरची मोठी तारीख. गडबड होते ती इथेच. एसटीचा पास महिनाभराचा असतो म्हणून कोणी गाडीतच अंथरूण टाकत नाही, एवढे समजले तरी पुरे. उलटही खरे आहे: व्हिसा उद्या संपणार असेल आणि आज आत घेतले, तर मिळालेली मुदत पूर्ण राहता येते.

आमच्याच भागातल्या एका मावशींना हे कोणी सांगितले नाही. फॉर्म भरून देणारा म्हणाला होता, “दहा वर्षाचा हाय नं मावशी, मंग काहाची घाई?” नातवाच्या मायेने त्या मुदतीपेक्षा चाळीसेक दिवस जास्त राहिल्या. तिथला कायदा असा की एक दिवस जरी जास्त झाला तरी तो व्हिसा रद्द धरला जातो. १८० दिवसांहून जास्त राहून परतले तर तीन वर्षे आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिले तर १० वर्षे प्रवेशबंदी. पासपोर्टातला कागद मात्र जसाच्या तसा राहतो, त्यावर काट मारलेली नसते. सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणाला मावशी डिंकाचे लाडू आणि सरगुंडे बांधून निघाल्या आणि तिकडच्या विमानतळावरून परत आल्या. लाडवांचा डबा तसाच घरी आला.

जास्त राहण्याचे खरेच कारण असेल तर मुदत संपण्याआधी तिथूनच वाढीचा अर्ज करता येतो. पण सहा महिने तिकडे, पंधरा दिवस इकडे आणि पुन्हा तिकडे, असे चालवले तर “तुम्ही इथेच राहता का?” असे अधिकारी विचारणारच आणि तो परतही पाठवू शकतो. आणखी एक: पासपोर्ट आधी संपत असेल तर मुक्कामाची तारीखही तिथवरच येऊ शकते. नवा पासपोर्ट काढला तरी कोपरा कापलेला जुना फेकू नका. त्यातला व्हिसा चालू असतो, फक्त दोन्ही सोबत न्यावे लागतात.

हे केवळ अमेरिकेचे नाही. ब्रिटनचा १० वर्षांचा पर्यटक व्हिसा असला तरी एका खेपेला साधारण सहा महिनेच. युरोपातल्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारा देशांचा गट) कोणत्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस, मग खेपा कितीही करा.

तेव्हा विनंती एवढीच, की यापुढे अशी बातमी छापताना ‘१० वर्षे जा-ये करण्याचा व्हिसा’ असे लिहावे आणि एका खेपेला किती दिवस राहता येते ते त्याच ओळीत द्यावे. मथळा थोडा लांबेल.

आम्ही तिकीट बदलून मुदतीला दहा-बारा दिवस राखून परतलो. तिकीट बदलायचे पैसे गेले. लेक रुसली. घरी आलो तेव्हा आंबिया बहाराची तोड सुरू झाली होती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक
ता. वरूड, जि. अमरावती