विषय : कादंबरीतला प्रसंग ‘सत्य अनुभव’ म्हणून छापल्याबद्दल तक्रार

प्रति,
संपादन विभाग व ग्राहक सेवा विभाग

स. न. वि. वि.

दत्तक मुलीवरची तुमची ती कादंबरी मी दोनदा विकत घेतली, कारण पहिल्या प्रतीची पानं वाचून वाचून सुटली. मी स्वतः दत्तक आहे. कादंबरीत डॉक्टर त्या मुलीला विचारतात, ‘घरात कुणाला मधुमेह?’ ती सहज म्हणते, ‘बाबांना आहे.’ मग तिच्या लक्षात येतं, आणि ती ते खोडायला सांगते. तिथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. म्हणून त्याच लेखिकेचं दत्तक विषयावरचं माहितीपर पुस्तक येतंय म्हटल्यावर लगेच पूर्वनोंदणी केली.

त्या पुस्तकाच्या पान 112 वर ‘एका वाचक स्त्रीचा सत्य अनुभव’ अशी चौकट आहे. तोच दवाखाना, तेच ‘बाबांना आहे’, खोडताना डॉक्टरांच्या पेनातली शाई संपते तेसुद्धा! दोन्ही पुस्तकं शेजारी उघडी ठेवून वाचली. ‘ती’चं ‘मी’ केलंय, बाकी शब्द न् शब्द तोच. ही बाई खरी असेल, तर कादंबरीत वापरताना तिला विचारलं होतं का? आणि नसेल, तर ‘सत्य’ हा शब्द कुणी घातला?

पान 47 वर 1989 चा बालहक्क करार आणि 1993 चा हेग करार एकच समजून लिहिलंय. पहिला संयुक्त राष्ट्रांचा, मुलांच्या सगळ्याच हक्कांबद्दलचा. दुसरा फक्त एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या दत्तक मुलांबद्दलचा. मुलाच्या मूळाची माहिती जपून ठेवा, असं हेग कराराचं 30 वं कलम सांगतं. मलपृष्ठावर ‘मुळांचा शोध’ असं ठळक छापून आत या कलमाचा उल्लेखही नाही. इंग्लंड-वेल्समध्ये 1975 च्या कायद्याने सज्ञान दत्तक व्यक्तींना मूळ जन्मदाखला मागता येऊ लागला. त्याआधी दत्तक गेलेल्यांना मात्र दाखल्यापूर्वी समुपदेशकाला भेटणं सक्तीचं केलं. का केलं असेल, यावर एक प्रकरण सहज झालं असतं. तुमच्या पुस्तकात आहे, ‘मन मोकळं ठेवा, उत्तरं आपोआप येतील.’ माझी फाइल मिळाली तेव्हा जन्मदात्या आईच्या नावाच्या जागी आडवी रेघ होती. अशा रेघेपुढे माणसाने काय करायचं, एवढं सांगणारं एक पान मी शोधत होते.

हे आधी कळवलं तेव्हा तुमच्या ग्राहक सेवेचं उत्तर आलं : ‘पुस्तक आवडलं नाही म्हणून परत घेता येत नाही.’ मी आवडलं नाही असं म्हटलंच नव्हतं. पान 112 चा खुलासा लेखी द्या, पुढच्या छपाईत शुद्धिपत्र जोडा, आणि ‘सत्य अनुभव’ म्हणून विकलेल्या या प्रतीचे पैसे परत करा. दोन्ही पानांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
एक वाचक