नंतर येतो, मावशी

धडगाव, जि. नंदुरबार
शनिवार, रात्री साडेनऊ

प्रभूमध्ये प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

सेमिनरीतून, आपल्या धर्मसेवेच्या शाळेतून, लिहिलेलं तुझं पत्र गुरुवारी मिळालं. सकाळी साडेपाचची घंटा, आठपासून तास, दुपारी ग्रीक, संध्याकाळी भांड्यांची पाळी, शनिवार-रविवार वस्तीतली सेवा, आणि त्यात सोमवारी द्यायचा निबंध. हे सगळं वाचताना माझेच दिवस डोळ्यांपुढे आले. पण मी थांबलो ते शेवटच्या ओळीवर. तू लिहिलंस, ‘रोज बायबल उघडतो, पण गेल्या तीन आठवड्यांत स्वतःसाठी एकदाही उघडलं नाही.’

ही ओळ लिहिलीस हे फार बरं केलंस. मला तेव्हा ती कुणालाच लिहिता आली नव्हती.

माझ्या वेळी सेमिनरीत शांतवेळेची, म्हणजे रोज एकट्याने करायच्या बायबलवाचनाची आणि प्रार्थनेची, वही असायची. तारीख, वाचलेला अध्याय, मिळालेला धडा आणि सही. दुसऱ्या सत्रात मी शनिवारी रात्री बसून अख्ख्या आठवड्याचे रकाने एकदम भरायला लागलो. रोजचं लिहिलेलं वाटावं म्हणून दोन पेनं वापरायचो, एक निळं आणि एक काळं. वही तपासणाऱ्यांना कधी शंका आली नाही. उपदेशाच्या तासाला मला चांगले गुण मिळत होते, मंडळीत बोलावणी येत होती. आत काय चाललंय ते बाहेर दिसायला काही वाटच नव्हती.

मग मेसच्या मावशींची गोष्ट घडली. ती तुला कधी सांगितलेली नाही. एका सकाळी पोळ्या लाटता लाटता त्या मला म्हणाल्या, ‘पोराला ताप आहे, दोन मिनिटं प्रार्थना कर रे बाळा.’ माझ्या हातात ग्रीक शब्दांची कार्डं होती. साडेनऊला पेपर. मी म्हटलं, ‘नंतर येतो, मावशी.’ त्यांनी मान हलवली आणि माझ्या ताटात पोळी वाढली. नंतर मी गेलोच नाही. चौथ्या दिवशी आठवण झाली, तेव्हा पोरगा बरा होऊन शाळेतही गेला होता. मावशींनी राग धरला नाही. पण त्यानंतर त्यांनी मला पुन्हा कधी प्रार्थनेला सांगितलं नाही. बाजूच्या टेबलावरच्या मुलाला सांगायच्या. ते मला आजही लागतं.

त्याच सुमारास आमच्या एका शिक्षकांनी प्रिन्स्टनच्या सेमिनरीतला एक प्रयोग सांगितला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोघांनी तो १९७३ साली प्रसिद्ध केला. सेवेसाठी शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं. त्यातल्या काहींचा विषय चक्क चांगल्या शोमरोन्याचा दाखला होता, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची येशूने सांगितलेली गोष्ट. वाटेत एका दारात एक माणूस मान खाली घालून, खोकत, कण्हत बसवलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांतल्या ६३ टक्क्यांनी त्याला काही ना काही मदत केली. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलं होतं, त्यांतले १० टक्केच मदतीला थांबले. भाषणाचा विषय कोणता आहे, याने म्हणावा असा फरक पडला नाही. त्याच दाखल्यावर बोलायला निघालेले काही जण त्या माणसाला ओलांडून पुढे गेले.

वर्गात सगळे हळहळले. मी मान वर केली नाही. माझ्या डोळ्यांसमोर पोळपाट होता.

त्या रात्री बायबलमधला लूकचा दहावा अध्याय काढला. आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की शोमरोन्याचा दाखला आणि मार्था-मरीयेची गोष्ट लागून आहेत. एकीकडे जखमी माणसाला टाळून पुढे जाणारे याजक आणि लेवी, दोघेही मंदिरातले सेवक, दुसरीकडे प्रभूच्याच पाहुणचारात दमलेली, बहिणीवर चिडलेली मार्था. मार्था वाईट काम करत नव्हती रे. ती प्रभूसाठीच राबत होती. आपल्यासारख्यांना सगळ्यात जास्त धोका इथेच आहे. गावाकडे शेतात किंवा दुकानात राबणाऱ्याला निदान कळतं की आज देवाला वेळ दिला नाही. आपला अख्खा दिवस देवाच्या नावानेच जातो, त्यामुळे त्याच्याशी बोलणं राहिलंय हेच ध्यानात येत नाही.

तू विचारलंस, मग करायचं काय? पहाटे चारला उठू का? मित्रा, नको. झोप मोडून केलेल्या निश्चयांचं काय होतं ते मी बघितलंय. आठवडाभर चालतात, मग अपराधीपणा तेवढा उरतो.

त्यापेक्षा मार्कचा पहिला अध्याय सावकाश वाच. कफर्णहूम गावातला तो शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, किती धावपळीचा होता बघ. सकाळी सभास्थानात शिक्षण, तिथेच भूतग्रस्ताला मोकळं करणं, मग शिमोनाच्या घरी त्याच्या सासूचा ताप, आणि सूर्य मावळल्यावर सगळं गाव दाराशी. दुसऱ्या दिवशी अंधारातच प्रभू एकटा रानात जाऊन प्रार्थना करतो. शिमोन आणि बाकीचे शोधत येतात, म्हणतात, सगळे तुला शोधताहेत. आणि प्रभू म्हणतो, चला, आपण दुसऱ्या गावांत जाऊ. मी ही ओळ कितीतरी वर्षं नुसती वाचून पुढे गेलो होतो. दाराशी गर्दी उभी असताना तो तिथून निघतो! कुठल्या हाकेला ‘हो’ म्हणायचं आणि कुठली सोडायची, हे त्याला त्या एकांतात स्पष्ट झालं होतं, असं मला वाटतं. ती वेळ सोडली की आपण प्रत्येक हाकेला धावतो. आणि मग जिची हाक खरी असते, तिला ‘नंतर’ म्हणतो.

अभ्यास मात्र टाकू नकोस. ‘आत्मा शिकवील’ म्हणून पुस्तकं मिटणाऱ्यांचं मला पटत नाही. पंडिता रमाबाईंकडे बघ. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायका, त्यांचं खाणंपिणं, आजारपणं, केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनची शेती, छापखाना, एवढा पसारा. त्यातच चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणायला बसल्या. ते काम वर्षानुवर्षं चाललं. १९२१ साली मनोरमा गेली, एकुलती एक लेक. तरी उरलेलं काम त्यांनी पुढे नेलं, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातून. ग्रीकची कार्डं हातात धरून कंटाळा आला की केडगाव आठव. ज्यांच्यासाठी त्या शिकत होत्या, त्या बायका अंगणातच वावरत होत्या.

मी पुढे काय केलं ते सांगतो. आधी वही घेऊन शिक्षकांकडे गेलो आणि दोन पेनांचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, यापुढे रिकामं राहिलं तर रिकामं ठेव. त्या सत्रात माझे सहा-सात रकाने कोरे आहेत. मग मावशींकडे गेलो. माफी मागितली, त्या ‘असू दे’ म्हणाल्या आणि लसणाची पाटी पुढे सरकवली. तेव्हापासून सकाळी पंधरा मिनिटं मी त्यांच्यासोबत लसूण सोलायचो, आणि उठताना आम्ही प्रार्थना करायचो. बहुतेक वेळा त्याच करायच्या, अगदी साध्या शब्दांत, गॅसच्या भावापासून नवऱ्याच्या दारूपर्यंत सगळं देवापुढे ठेवून. माझे ग्रीकचे गुण थोडे उतरले, पण पास झालो.

तू ते संध्याकाळच्या गायनपथकाचं सोडून दे. तुला आवडतं हे माहीत आहे, म्हणून लिहायला जड जातंय. पण पाच जबाबदाऱ्यांतली एक तरी कमी केल्याशिवाय जागा होणार नाही, आणि ती तुझ्या जागी दुसरा कुणी सांभाळू शकेल. आणि प्राचार्यांना स्वतः जाऊन सांग, आजारपणाचं निमित्त करू नकोस.

इकडे कैऱ्यांचे दिवस आहेत. प्रत्येक अंगणात कैऱ्यांच्या फोडी वाळत घातल्यात, गावभर आमचुराचा आंबट वास आहे. उद्या उपासनेनंतर एका म्हाताऱ्या बाबांना ग्रामीण रुग्णालयात न्यायचंय. इथली पावरी बोली मला अजून अडखळतच येते, पण ते माझं बोलणं समजून घेतात.

परीक्षा संपेपर्यंत उत्तर लिहू नकोस. सकाळी सहाला, दिवस सुरू व्हायच्या आधी, मी तुझं नाव घेतो. त्या वेळी तूही बस, पाच मिनिटं का होईना. मे महिन्यात आलास की आपण दोघं अंगणात बसून फोडी उलटवू. आईंना सलाम सांग.

तुझाच