मोल्ड बदलायला दोन माणसं द्या

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

चाकण, भोसरी, वाळूजच्या प्लास्टिक मोल्डिंग शॉपमधले आम्ही सेटर. ऑपरेटर माल काढतो. मोल्ड (दोन अर्ध्यांचा पोलादी साचा) मशीनवर चढवणं-उतरवणं आणि तापमान, प्रेशर लावून पहिला चांगला पीस काढून देणं आमच्याकडे. हजेरीपटावर मात्र बहुतेक ठिकाणी दोघंही ऑपरेटरच.

४० सेंमी लांब-रुंद आणि ३५ सेंमी जाडीचा मोल्ड चारशे किलोच्या घरात जातो. तो चेनब्लॉकला (साखळीच्या कप्पीला) टांगून टाय बारमधून (मशीनच्या आडव्या दांड्यांमधून) खाली सोडायचा. टांगायच्या कडीचा आयबोल्ट पुष्कळदा मोल्डच्या एकाच अर्ध्याला असतो. दोन्ही अर्धे बांधणारी लॉकपट्टी नसली (आणि हरवते तीच) तर दुसरा अर्धा गाइड पिनवरून सरकून खाली येतो. एकानं चेन ओढायची आणि दुसऱ्यानं मोल्ड सांभाळत त्याची लोकेटिंग रिंग प्लॅटनच्या (मोल्ड ज्यावर बसतो त्या जाड पाटाच्या) भोकात बसवायची, असं हे दोघांचं काम. तिसऱ्या पाळीत ते एकट्यावर येतं. मग एक हात चेनवर आणि दुसरा मोल्ड नि टाय बारच्या फटीत.

पुढे मोल्ड प्लॅटनला आवळणारे क्लॅम्प. १६ मिमीच्या बोल्टचे २४ मिमी तरी आटे प्लॅटनमध्ये जायला हवेत. लांब बोल्ट सापडला नाही की आखडावर भागतं. मोल्ड उघडताना ताण येऊन प्लॅटनचेच आटे उखडतात.

प्लास्टिकचा दाणा बदलताना तर धोका दिसतही नाही. दाणा वितळवणाऱ्या बॅरलमध्ये अ‍ॅसिटाल हे प्लास्टिक शिल्लक असताना पीव्हीसी टाकलं, तर पीव्हीसीतून सुटणारं आम्ल अ‍ॅसिटाल फोडतं, गॅस कोंडतो आणि वितळलेला माल नोझलमधून किंवा दाणा ओतायच्या हॉपरमधून उसळतो. मध्ये पॉलिथिननं बॅरल पूर्ण धुऊन घ्यायचं, हे नव्या पोराला सांगणार कोण?

क्रेन आणि साखळ्या १२ महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासून घेण्याचं बंधन १९४८ च्या कारखाने कायद्यानं घातलं. त्या साखळीला मोल्ड अडकवणाऱ्याला काम येतं का, हे कुणी तपासत नाही.

म्हणून, चेनब्लॉक लागेल असा मोल्ड एकट्यानं बदलायचा नाही, असा नियम काढा. सेटरची वेगळी नोंद आणि वेगळा दर ठेवा. पण तोंडी नव्हे, मोल्ड चढवून, पर्जिंग (बॅरल धुणं) करून दाखवायच्या परीक्षेनंतर. आणि निरीक्षकांना एकदा रात्री दोन वाजता, न कळवता, मोल्ड बदलताना उभं राहायला सांगा. दार उघडलं की मशीन थांबवणारा दाराचा लिमिट स्विच तारेनं बांधलाय का, तेही त्यांनी तेव्हाच बघावं.

आपले,
इंजेक्शन मोल्डिंग सेटर